कोकण किनारा, रांगा आणि भरतीचं गणित

प्रश्न पुण्याच्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: "आम्ही दोघं, सत्तरी ओलांडलेले आई-बाबा आणि दोन शाळकरी मुलं. दिवाळीनंतर ते मे महिन्याच्या आत कधीही निघू शकतो. शनिवारी पहाटे निघून जंजिरा, रविवारी हरिहरेश्वर, मग गणपतीपुळे आणि शेवटी मालवण, असा पाच-सहा दिवसांचा बेत आहे. मागच्या खेपेला जंजिऱ्याच्या धक्क्यावर उन्हात दोन तास गेले आणि फेरीबोटीच्या रांगेत अख्खी संध्याकाळ. यंदा तसं नको. काय करावं?"

ताई, ठिकाणं चांगली निवडली आहेत, फक्त बेत उलटा करा. आता का ते सांगतो.

मी गुहागरचा. घरगुती मुक्काम चालवतो आणि मांडव्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत पाहुण्यांना गाडीने फिरवणं हा माझा धंदा. तुम्ही जी रांग वर्षातून एकदा बघता ती मला हंगामात रोज दिसते. राजपुरीच्या धक्क्यावर शनिवारी साडेअकराला जी झुंबड असते, ती पहाटे पाचला पुण्या-मुंबईतच तयार झालेली असते. पाचला निघालेली पुण्याची गाडी ताम्हिणी उतरून साडेआठ-नऊला माणगावात नाश्ता करते. मुंबईची गाडी त्याच सुमाराला पेण-वडखळ ओलांडते. दोघी अकराच्या पुढेमागे राजपुरीत येऊन एकमेकींच्या मागे उभ्या राहतात. संध्याकाळी हीच मंडळी काशीदला नाहीतर दिवेआगरला, रविवारी सकाळी हरिहरेश्वरला, दुपारी मासे खाऊन परतीला. तुमचा बेत म्हणजे या सगळ्यांच्या बेताची नक्कल आहे. तीच वाट, तोच वार, तीच वेळ. मग गर्दीतून सुटका कशी होणार?

आपल्या किनाऱ्यावर अडायच्या जागा मोजक्याच आहेत. होडी, फेरीबोट, देवळाचा गाभारा आणि महामार्गावरचे दोन-चार नाके. बाकी किनारा लांबच लांब पडलाय, तिथे कोणी कोणाला आडवं येत नाही. या मोजक्या जागांवर आपण कधी पोचतो एवढंच सांभाळायचं. त्यातली निम्मी वेळापत्रकं समुद्राच्या हातात आहेत, म्हणून आधी भरतीचं बोलू.

कोळीवाड्यांत जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. द्वितीया म्हणजे २, त्याची पाऊणपट दीड. म्हणजे भरती पहाटे दीडला आणि दुपारी दीडला. भरतीनंतर साधारण सहा तासांनी सुकती, म्हणजे सकाळी साडेसातला पाणी पार खाली. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे भरती सकाळ-संध्याकाळ सहाला आणि सुकती भर बारा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारी आणि सुकती भल्या पहाटे किंवा दिवेलागणीच्या आधी. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून एक-दोन-तीन मोजायचं. रोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघितली की हिशोब तोंडी होतो. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होणार, आणि मालवणकडे भरती मुंबईच्या आधी लागते. त्यामुळे हा हिशोब दिवस निवडायला वापरा. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा किंवा धक्क्यावरच्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, विचारा. तो घड्याळ न बघता सांगेल.

आता याचा रांगेशी संबंध काय? अलिबागचा कुलाबा किल्ला घ्या. तुमच्या बेतात तो नाही, पण उदाहरण म्हणून त्याच्याइतकं चांगलं दुसरं नाही. ओहोटीला वाळूवरून चालत जाता येतं, भरतीला होडी लागते. सुकतीच्या अलीकडे-पलीकडे मिळून तीन-चार तास वाट उघडी असते, आणि तेवढ्यातच सगळ्यांना जाऊन यायचं असतं. शनिवारी अष्टमी आली की सुकती बाराला. मुंबईची पहिली लाट किनाऱ्यावर अकराला येते, म्हणजे सगळे एकदमच निघतात. घोडागाडीवाल्यांचे भाव चढतात आणि किल्ल्याच्या दारात माणूस सरकत नाही. त्यातून अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, म्हणजे पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. वाळू पोळते आणि गुडघाभर पाणी तुडवायचं ते वेगळंच. याउलट द्वितीया ते पंचमी या चार तिथी बघा. उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी पुष्कळ लांब जातं आणि सुकती सकाळी साडेसात ते पावणेदहाच्या दरम्यान येते. आदल्या रात्री अलिबागेत मुक्काम असेल तर सातला चालायला लागा. आतल्या सिद्धिविनायकाचं दर्शन घेऊन तुम्ही परत निघाल तेव्हा समोरून पहिली गर्दी चालत येताना दिसेल. गंमत बघा, संकष्टी म्हणजे कृष्ण चतुर्थी, सुकती बरोबर नऊच्या सुमाराला. म्हणजे संकष्टीला गणपतीपुळ्याला जाऊ नये आणि अलिबागेला जरूर जावं, असं पंचांगच सांगतं.

हेच गणित हरिहरेश्वरला लागतं, आणि तिथे ते गर्दीपुरतं नाही, जिवाचं आहे. देवळामागून खडकांतून जाणारा प्रदक्षिणेचा मार्ग ओहोटीलाच करायचा असतो. पायऱ्या अरुंद, खाली ओला कातळ, आणि लाट कधी येऊन ओढून नेईल याचा नेम नाही. तिथे माणसं गेली आहेत. भरतीच्या वेळेला पोचलात तर प्रदक्षिणा सोडून द्या. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, पुन्हा काळभैरव अशी दर्शनाची रीत आहे, ती करा आणि निघा. हेदवीच्या बामणघळीचं मात्र उलटं आहे. भरतीचं पाणी त्या कपारीत घुसून उंच उसळतं, तेच बघायचं असतं. ओहोटीला गेलात तर नुसती भेग बघून याल. देवबागला खाडीच्या मुखाशी वाळूचा जो दांडा आहे, ज्याला हल्ली त्सुनामी आयलंड म्हणतात, तोही ओहोटीला मोकळा मिळतो. भरतीला तिथे पाण्यात उभं राहून फोटो काढणाऱ्यांची दाटी असते.

जंजिऱ्याला भरती-ओहोटीपेक्षा वारा महत्त्वाचा. धक्क्यावर लोक तिकिटाच्या खिडकीला शिव्या घालतात, पण खोळंबा खिडकीवर नसतो, किल्ल्याच्या दारात असतो. तिथे पायऱ्यांना एका वेळी एक-दोन होड्याच लागतात. एक खलाशी पायरीवर उभा राहून दोर आवळून धरतो, दुसरा उतरणाऱ्याचा दंड धरतो. होडी लाटेबरोबर वर आली की "चला", खाली गेली की "थांबा". अशी एकेक करून सगळी माणसं उतरायची, मग आतून फिरून आलेली तशीच एकेक करून चढायची. तोवर मागच्या होड्या पाण्यावर हेलकावे खात थांबतात. सकाळी समुद्र शांत असतो तेव्हा हे काम भराभर होतं. दुपारी बाराच्या पुढे समुद्रावरून वारा सुटला की प्रत्येक माणसाला उतरवायला दुप्पट वेळ लागतो, आणि नेमकी तेव्हाच गर्दी सगळ्यात जास्त. म्हणून मी पाहुण्यांना पहिल्या एक-दोन होड्यांतच बसवतो. त्यासाठी मुक्काम मुरूडला किंवा पलीकडे दिवेआगर-श्रीवर्धनला हवा. पुण्याहून पहाटे निघून हे साधत नाही, कितीही गाडी मारली तरी.

जंजिऱ्याला होड्या राजपुरीखेरीज खोरा बंदरातून आणि खाडीपलीकडच्या दिघीहूनही सुटतात. श्रीवर्धनकडून येणाऱ्याने दिघी सोडून राजपुरीला वळसा घालण्यात काही अर्थ नाही. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेला होड्या थांबतात, त्यामुळे शुक्रवार असेल तर सकाळच. धक्क्यावर कोणी जवळ येऊन "लाईन नाही साहेब, डायरेक्ट होडी" म्हणाला तर हसून पुढे जा आणि होडीवाल्यांच्या सोसायटीच्या खिडकीवरच तिकीट काढा. त्याची होडीही त्याच दाराशी, त्याच पायरीवर थांबणार आहे.

एक स्पष्ट सांगतो. सत्तरीच्या आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना जंजिऱ्याच्या होडीत बसवू नका. ती उडी तरण्या माणसालाही दचकवते. त्यांना दिवेआगरच्या एखाद्या सुपारीच्या वाडीत झोपाळ्यावर बसू दे, सुवर्णगणेशाचं दर्शन घेऊ दे. तुम्ही चौघं पहिल्या होडीने जाऊन या.

मालवणात सिंधुदुर्गाची होडी त्या मानाने सोपी. धक्क्यावरून दहा-पंधरा मिनिटांत किल्ला. २५ नोव्हेंबर १६६४ ला महाराजांनी कुरटे बेटावर बांधकाम सुरू केलं, १६६७ ला किल्ला उभा राहिला. आतला पसारा जवळपास ४८ एकरांचा, त्यामुळे आत गेलं की गर्दी विरून जाते. शिवराजेश्वराचं देऊळ आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी एवढंच बघून लोक घाईघाईने परततात, कारण होडीवाल्याने वेळ दिलेली असते. पहिल्या होडीने गेलात आणि निघतानाच "आम्ही नंतरच्या होडीने येऊ, चालेल का?" असं नम्रपणे विचारलंत तर सकाळी सहसा नाही म्हणत नाहीत. अकरानंतर विचारायची सोय नाही. आणि मालवणात गाडी धक्क्यापर्यंत न्यायच्या फंदात पडू नका. बाजारपेठेचा रस्ता दोन रिक्षांच्या रुंदीचा आहे. २०२३ च्या नौदल दिनापासून शेजारच्या राजकोटवरही माणसं येऊ लागली, ती त्याच गल्ल्यांतून. आधीच कुठेतरी गाडी लावा आणि चालत या, मुलांना मालवणी खाजंही घेता येईल.

स्कूबा करायचं असेल तर आदल्या दिवशी वेळ ठरवून सकाळची पहिली फेरी घ्या. पाणी नितळ आणि समुद्र शांत असतो हे एक. दुसरं म्हणजे दुपारी आपला नंबर येईपर्यंत नांगरलेल्या होडीत बसावं लागतं. डुलणाऱ्या होडीत तासभर बसलेला माणूस पाण्यात उतरण्याआधीच उलटीने बेजार होतो.

गणपतीपुळ्याचं वेगळं. तिथे समुद्र नाही, देव वेळ ठरवतो. मंगळवार, संकष्टी, विनायकी आणि माघी गणेशोत्सव हे दिवस टाळा, आणि संकष्टी मंगळवारी आली, म्हणजे अंगारकी, तर पुळ्याच्या रस्त्यालाही लागू नका. घाटावरून रात्रभर गाड्या येत असतात. एरवीच्या दिवशी पहाटे देऊळ उघडल्यानंतरचा तास-दीड तास आणि रात्री बंद व्हायच्या आधीचा अर्धा-पाऊण तास, या दोन वेळा मोकळ्या. सूर्यास्त सगळ्यात वाईट, कारण किनाऱ्यावर मावळती बघून झाली की अख्खा किनारा ओले पाय घेऊन दर्शनाला वळतो. मी पाहुण्यांना शेजारच्या मालगुंडला ठेवतो. केशवसुतांचं जन्मगाव, तिथे त्यांचं स्मारक आहे. गाव शांत आहे आणि पहाटे पुळ्याला पोचायला काही मिनिटं लागतात. दर्शन झालं की डोंगराची प्रदक्षिणा तेव्हाच उरकून घ्या. एक किलोमीटरभराची वाट आहे, आई-बाबांनाही सावकाश जमेल, आणि उन्हाआधीचा गार वारा असतो. मुलांना मात्र पुळ्याच्या समुद्रात पोहायला सोडू नका. ओढ फार आहे. पाण्यात खेळायचंच तर तारकर्ली बरी.

फेरीबोटी. खाड्यांवर मोठे पूल होऊन रेवस–रेडी सागरी महामार्ग सलग होईल तेव्हा होईल, तोवर गाडीला फेरीबोटीशिवाय गत्यंतर नाही. दिघी–आगरदांडा, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. आमची दाभोळ–धोपावे २००३ साली सुरू झाली. त्याआधी समोर दिसणाऱ्या गावाला जायला चिपळूणचा वळसा घालावा लागायचा. या बोटींवर मोजक्याच गाड्या मावतात, आणि मोठी मिनीबस एक आली की तीन-चार मोटारींची जागा जाते. शनिवारी गर्दी दक्षिणेला सरकते, रविवारी दुपारनंतर उत्तरेला. तेवढं उलट चाललात की रांग उरतच नाही. रविवारी दुपारी चारला वेसवीच्या धक्क्यावर बागमांडल्याकडे जाणाऱ्या गाड्या वळणामागे पोचलेल्या असतात आणि तिकडून येणारी बोट अर्धी रिकामी येते, हे मी कायम बघतो. कधी चुकून गर्दीच्या दिशेनेच जावं लागलं तर जेवणाच्या वेळेला, म्हणजे एक ते दोनमध्ये धक्क्यावर पोचा. सगळे खानावळीत असतात. आणि गाडी रांगेत लागली की आई-बाबांना तिच्यात उकडत बसवू नका. माणसांना बोटीत चढायला रांग नसते. कोणीतरी एकाने त्यांना घेऊन पुढच्या बोटीने पलीकडे जावं आणि सावलीत बसून शहाळं प्यावं.

वाराबद्दल एक गैरसमज आहे, की मधल्या वारी गेलं की कोकण रिकामं. फेब्रुवारी-मार्चला हे खरं. दहावी-बारावीच्या परीक्षांमुळे घरंच्या घरं जागेवर असतात आणि हवाही बरी असते. पण नोव्हेंबर अखेरपासून जानेवारीपर्यंत शाळांच्या सहली निघतात, आणि सहली वार बघत नाहीत. बुधवारी सकाळी नऊला गणपतीपुळ्याच्या तळावर एसटीच्या लाल गाड्या ओळीने लागलेल्या असतात. शाळेच्या सहलीचं एक बरं असतं, ती ठरल्या वेळेला येते आणि शिट्टी वाजली की जाते. धक्क्यावर दोन बस पोरं उतरलेली दिसली तर रांगेत उभं राहू नका, चहा घ्या, तास-दीड तासाने परत या. नाताळ ते २ जानेवारी हा आठवडा मात्र कुठल्याच युक्तीने सुधारत नाही, आणि लागून आलेल्या तीन सुट्ट्याही नाहीत. तेव्हा येऊ नका. माझंच गिऱ्हाईक कमी होईल, पण खरं तेच सांगतो.

गावचे दिवसही बघावे लागतात. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा ठरलेल्या तिथीला येत नाही, देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो. बहुतेकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते आणि लाखो माणसं लोटतात. मालवण-कणकवलीचे रस्ते, रेल्वे, लॉज, सगळं भरून जातं. तारीख जाहीर झाली की आधी ती बघा, मग मालवणचं बुकिंग करा. महाशिवरात्रीला कुणकेश्वरची यात्रा, तेव्हा देवगडकडचा रस्ता तसाच. वेळासला कासवाची पिल्लं बघायला फेब्रुवारी अखेर ते एप्रिलमध्ये सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर जमतात. गाव लहान, घरं मोजकी, तिथे शनिवार-रविवार नकोच. गौरी-गणपतीत आणि शिमग्याला महामार्ग तुंबलेला असतो, पण ती गर्दी चाकरमान्यांची, घराकडे जाणारी. किल्ले ओस पडलेले असतात, पण तुम्हाला जेवायला घालणारा आचारीही आरतीला आपल्या घरी गेलेला असतो. आणि पावसाळ्यात, २५-२६ मेच्या सुमारापासून ऑगस्ट अखेरपर्यंत, जंजिरा-सिंधुदुर्गाच्या होड्या बंद. त्यामुळे मेचे मधले दोन आठवडे "बंद व्हायच्या आत बघून घेऊ"वाल्यांनी भरतात. तुम्हाला दिवस निवडायला मोकळीक आहे, तर जानेवारीचा शेवटचा आठवडा (२६ तारीख सोडून) किंवा फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धरा.

होडीच नको असेल तर तेही सांगतो. विजयदुर्गात गाडीतून उतरून पायी आत शिरता येतं. तिहेरी तटबंदी, तीन बाजूंनी पाणी, आणि तरीही धक्का नाही, तिकिटाची होडी नाही. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं. किनारपट्टीवरचे खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग त्यात आहेत. या चारांत पाय न भिजवता जाता येतो तो विजयदुर्गच, आणि आई-बाबांना तटावरून समुद्र दाखवायचा तर माझी पसंती त्यालाच. उत्तरेला रेवदंडा आणि कोर्लई, इकडे जयगड, पूर्णगड, रत्नागिरीचा रत्नदुर्ग, सगळे पायी जायचे. जंजिऱ्याच्या रांगेत एक दुपार घालवण्यापेक्षा कोर्लईच्या माचीवरून दोन्हीकडचं पाणी बघितलेलं चांगलं, असं मी तरी म्हणेन.

तर बेत असा. शनिवार घरीच काढा. रविवारी सकाळी पुण्याहून कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट उतरून कणकवली, संध्याकाळी मालवण. दिवस लांब जातो, मुलं कंटाळतील, पण रविवारी तुम्ही जाता त्या दिशेला कोणी जात नाही. मालवणातली शनिवार-रविवारची मंडळी दुपारीच निघून गेलेली असतील आणि राहायच्या जागेलाही घासाघीस करता येईल. सोमवारी पहिल्या होडीने सिंधुदुर्ग, दुपारी आराम, ओहोटी बघून देवबाग. मंगळवारी सकाळी कुणकेश्वर, मग विजयदुर्ग, आणि रात्रीपर्यंत मालगुंड. मंगळवार देवदर्शनात न घालवता रस्त्यावर घालवायचा, हे मुद्दाम. बुधवारी पहाटे पुळ्याचं दर्शन, मग जयगडहून तवसाळला बोटीने, भरती जुळत असेल तर हेदवी, मुक्काम गुहागरला. गुरुवारी धोपावे–दाभोळ, दापोलीवरून वेसवी–बागमांडला, ओहोटी असली तर हरिहरेश्वरची प्रदक्षिणा, नसली तर नुसतं दर्शन, आणि मुक्काम दिवेआगर. हा दिवस वळणांचा आहे. आई-बाबा दमलेले वाटले तर गुहागरलाच आणखी एक रात्र राहा आणि जंजिरा पुढच्या खेपेला ठेवा. नाहीतर शुक्रवारी सकाळी दिघीहून पहिली होडी, परत येऊन जेवण, आणि दुपारी म्हसळा-माणगाव-ताम्हिणीने वर चढायला लागा. शुक्रवारी संध्याकाळी घाटातून खाली उतरणाऱ्या गाड्यांचे दिवे तुमच्या समोरून येतील, म्हणजे तुम्ही योग्य दिशेला आहात.

जेवणाचं राहिलं. आपल्याकडच्या घरगुती खानावळीत ताटं मोजून रांधतात. दीड वाजता न सांगता सहा माणसं दारात उभी राहिली की घरची बाई आतून डोकावून आधी भाताच्या टोपात बघते, मग तुमच्याकडे. सकाळी दहाच्या आत फोन करा, किती ताटं, कोण मासे खाणार, कोण शाकाहारी, आणि बाराला जेवायला बसा. मोदक हवे असतील तर आदल्या रात्रीच सांगा, कारण उकड काढून वळायला वेळ लागतो आणि आयत्या वेळेला कोणी करत नाही. बाराला बसलात तर सुरमईचा मधला तुकडा मिळेल. दोन वाजता सगळीकडे रांग असते आणि उरलेली असते ती शेपटी.